फवारे का बंद पडले होते?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या 'आपली वास्तू, आपली निगा' या कार्यक्रमातील भाषण. बोललो ते जवळजवळ तसंच छापायला दिलं आहे.)



मला विषय दिलाय 'लॉनवरची स्प्रिंकलर सिस्टिम आणि तिची दुरुस्ती'. मी इंजिनिअर नाही. बी. कॉम. होऊन बँकेत लागलो, चौतीस वर्षं नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर तुम्ही मला खजिनदार करून परत वह्यांसमोर बसवलंत. तेव्हा आज जे सांगणार आहे ते एका हिशोबनिसाने शोधलेल्या फरकाची गोष्ट आहे. त्यात थोडी दुरुस्ती आहे, आणि शेवटी माझ्या नावावरची एक नोंद आहे, जी दुरुस्त करायची राहिली होती.

आधी आपल्या यंत्रणेची ओळख. मधल्या हिरवळीचं क्षेत्र साधारण चारशे चौरस मीटर. तिच्याखाली नळ्या आहेत आणि सहा भाग पाडलेले आहेत. प्रत्येक भागाला एक व्हॉल्व्ह. हे व्हॉल्व्ह जमिनीतल्या तीन हिरव्या डब्यांत दोन-दोन बसवलेत : पहिल्या डब्यात एक आणि दोन नंबर, दुसऱ्यात तीन आणि चार, तिसऱ्यात पाच आणि सहा. पंपाच्या खोलीत भिंतीवर जी पेटी आहे तो कंट्रोलर. ठरलेल्या वेळी तो एकेका व्हॉल्व्हला चोवीस व्होल्टचा प्रवाह पाठवतो. व्हॉल्व्हवरच्या कॉइलमध्ये चुंबक तयार होतं, आतला पडदा उचलला जातो, पाणी सुटतं आणि पाण्याच्या दाबाने फवारे जमिनीतून वर येतात. वेळ संपली की सगळं खाली. बस्स, एवढंच आहे.

आता गेल्या वर्षीची हकीकत. फेब्रुवारीत हिरवळीचा पलीकडचा भाग, म्हणजे सी आणि डी विंगच्या बाजूचा, पिवळा पडायला लागला. अलीकडचा भाग हिरवागार. मामा, म्हणजे आपले त्या वेळचे माळी, मला जिन्यात भेटून म्हणाले, "साहेब, पलीकडचे फवारे उठत न्हाईत." जानेवारीत मामांनी कंपाउंडच्या कडेला कण्हेर लावायला खड्डे घेतले होते. मी तिथल्या तिथे निदान केलं : "मामा, कुदळीने वायर तोडली असणार तुम्ही." ते म्हणाले, "न्हाई साहेब, तिकडं मी खणलंच न्हाई." मी ऐकून घेतलं नाही. कमिटीच्या बैठकीत विषय काढला, आणि नुकसानीपोटी मामांच्या पगारातून दोन हजार रुपये कापावेत असं मीच सुचवलं. कापले. मामांनी वाद घातला नाही. एक तारखेला पगार घेतला, खुरपं-कात्री वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

मार्चमध्ये तर अलीकडचे फवारेही थांबले. एप्रिलमध्ये हिरवळ म्हणजे काथ्याची चटई झाली. एका ठेकेदाराला बोलावलं. ते पाच मिनिटं फिरले आणि म्हणाले, कंट्रोलर गेलाय, वायरिंग कुजलंय, सगळं नव्याने करावं लागेल. कोटेशन आलं एक लाख पंच्याऐंशी हजारांचं. कोटेशन पास करायला माझ्याकडे आलं. आणि मंडळी, चौतीस वर्षांची खोड अशी की आधाराचा कागद बघितल्याशिवाय व्हाउचरवर सही होत नाही. म्हटलं, सही करण्यापूर्वी आपण एकदा बघू तरी.

बँकेत संगणक येण्यापूर्वी रोज संध्याकाळी ताळा जमवावा लागे. फरक निघाला की नवखा माणूस सगळी लेजरं पहिल्या पानापासून चाळायला बसायचा. जुने हेडक्लार्क तसं करत नसत. ते आधी फरकाकडे बघत. फरकाला नवाने भाग जातोय का? मग आकड्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता : ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिलं की फरक ९००. फरकाची निम्मी रक्कम कुठे दिसते का? मग जमेची नोंद नावे पडली असेल. म्हणजे फरक स्वतःच सांगतो की मला कुठे शोधा. आणि कधी कधी काहीच जुळत नाही. अशा वेळी आमचे हेडक्लार्क म्हणत, "एक चूक नाही, दोन आहेत." दोन चुका एकमेकींत मिसळल्या की फरकाला चेहरा राहत नाही. आपल्या फवाऱ्यांचं नेमकं हेच झालं होतं.

मी चार प्रश्न लिहून काढले, आणि ते याच क्रमाने विचारायचे ठरवलं. कारण पहिला फुकटाचा आहे आणि पुढचा प्रत्येक थोडा जास्त महाग.

पहिला प्रश्न : हुकूम सुटतोय का? पंपाच्या खोलीत गेलो. कंट्रोलरचा पडदा चालू, घड्याळाची वेळ बरोबर, कार्यक्रम जागच्या जागी. आणि मधली चकती 'बंद'वर. पेटी जिवंत दिसते म्हणून कोणी चकतीकडे बघत नाही. पण चकती बंदवर असली की पडदा चालू राहतो आणि पाणी मात्र सुटत नाही. चौकशी केली. धुळवडीला मुलं हिरवळीवर खेळणार म्हणून वॉचमनने फवारे बंद केले होते. कोणाच्या सांगण्यावरून? कमिटीच्याच. परत चालू करा हे त्यांना कोणी सांगितलं नाही, कारण ते काम मामांचं असायचं. मामा असते तर दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी ती चकती फिरवली असती. एक लाख पंच्याऐंशी हजारांतला पहिला वाटा असा चकती फिरवून वाचला. ठेकेदारांनी ती बघितली नव्हती की बघून सांगितली नाही, ते मला ठाऊक नाही, आणि तो आजचा विषयही नाही. आपण महिनाभर बघितली नव्हती, हा विषय आहे.

चकती फिरवून प्रत्येक भाग पाच-पाच मिनिटं चालवून बघितला. एक आणि दोन नंबर उठले, पण मरगळलेले. तीन, चार, पाच, सहा नाहीतच. म्हणजे एक चूक बाजूला काढल्यावर दुसरीचा चेहरा दिसायला लागला.

दुसरा प्रश्न : पाणी आणि दाब आहे का? पंपाजवळच्या गाळणीच्या अलीकडे दाब तीन किलो, पलीकडे सव्वा. म्हणजे पावणेदोन किलो गाळणीतच अडकलेला. साध्या फवाऱ्याला दोनेक किलो लागतो आणि फिरत्या फवाऱ्याला तीनच्या आसपास. आपण उन्हाळ्यात टँकरचं आणि बोअरचं पाणी वापरतो, त्यातली माती जाळीवर थापली होती. पंप बंद केला, गाळणी उघडली, जुन्या टूथब्रशने जाळी धुतली.

इथे एक जुनी आठवण. नगर जिल्ह्यातल्या आमच्या शाखेतून मी तुषार संचासाठी कर्जं मंजूर करत असे, आणि संच खरंच शेतात आहे का हे बघायला पारनेर भागात हिंडत असे. एका शेतकऱ्याने मला शिकवलं होतं, "साहेब, आधी टोकाची बूच काढायची. पैल्या पाण्यानं घाण भाईर जाऊ द्यायची, मग नोझल लावायची." मी तेव्हा मान डोलावली आणि इन्स्पेक्शन रिपोर्टवर सही केली. तीस वर्षांनी ती शिकवण उपयोगाला आली. आपण प्रत्येक नळीच्या टोकाचा फवारा काढला आणि पाणी सोडलं. पहिलं मिनिटभर चहासारखं पाणी आलं.

तिसरा प्रश्न : व्हॉल्व्ह हाताने उघडतो का? दुसरा डबा उघडला. व्हॉल्व्हवरची कॉइल डावीकडे पाव वळण फिरवली की वीज नसतानाही तो उघडतो. फार फिरवायची नाही, नाहीतर कॉइल हातात येते आणि तुमची आंघोळ होते; माझी झाली. पण तीन नंबरचे सगळे फवारे थाटात उभे राहिले! हा मोठा टप्पा. कारण यावरून कळलं की नळी, पाणी, पडदा सगळं ठीक आहे आणि दोष विजेच्या वाटेवर आहे. हाताने उघडूनही पाणी आलं नसतं, तर वायरींकडे बघायची गरजच नव्हती. अर्धी लेजरं एका फटक्यात कपाटात गेली.

चौथा प्रश्न : हुकूम वाटेत कुठे अडतो? यासाठी बी विंगमधल्या, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करणाऱ्या आपल्या चिरंजीवांना त्यांच्या मीटरसकट बोलावलं. कंट्रोलर बंद करून वायरी सोडवल्या आणि प्रत्येक नंबरचा रोध मोजला. चांगली कॉइल साधारण वीस ते साठ ओहम दाखवते. शून्याजवळ आला तर कॉइल जळून आतल्या आत चिकटली. आकडाच आला नाही तर कुठेतरी तुटलं. एक आणि दोन नंबरने सव्वीस दाखवले. तीन ते सहा : आकडाच नाही.

आता चार कॉइली एकदम जातील का? गावात चार घरची माणसं एकाच दिवशी आजारी पडली तर डॉक्टर चार वेगळे रोग शोधत नाही, विहीर कुठली ते विचारतो. व्हॉल्व्हना प्रत्येकाची वेगळी वायर असते, पण परतीची वायर एकच, सगळ्यांची सामाईक. ती पहिल्या डब्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते. पहिल्या डब्यापर्यंत ठीक आहे, पुढे सगळं मेलंय, म्हणजे सामाईक वायर पहिल्या आणि दुसऱ्या डब्याच्या मध्ये तुटली. खात्री करायला दुसऱ्या डब्यात थेट कॉइलवर मीटर लावला : सव्वीस. कॉइल धडधाकट. मग गवतावरून एक तात्पुरती वायर टाकून दोन्ही डब्यांतल्या सामाईक वायरी जोडल्या आणि कंट्रोलर चालू केला. तीन, चार, पाच, सहा, ओळीने सगळे उठले. सी विंगच्या गॅलरीतून टाळ्या पडल्या त्या मी अजून विसरलो नाही.

आता तुटली कुठे? दोन डब्यांत अंतर अठरा मीटर. मामांनी कण्हेरीसाठी घेतलेले खड्डे होते कंपाउंडला, म्हणजे या वाटेपासून निदान तीस फूट लांब. माझं फेब्रुवारीतलं निदान तिथेच कोसळलं. मग या अठरा मीटरवर कोणी काय केलं असेल? तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, मांडव इथेच असतो ना. स्मरणिकेसाठी आपण जुने फोटो गोळा करत होतो. त्यात आदल्या वर्षीच्या गणेशोत्सवाचा एक फोटो निघाला. मांडव उभा राहतोय, मांडववाल्याचा पोरगा पहार घेऊन उभा आहे, आणि एक गृहस्थ बोट दाखवून त्याला सांगताहेत, हा खांब दोन फूट पुढे घे. ज्येष्ठ नागरिकांच्या खुर्च्या बसायला हव्यात म्हणून. ते गृहस्थ मी. फोटो याच अंकात आहे, बघून घ्या.

त्या खांबाच्या जागी नऊ इंच खणलं. पांढऱ्या वायरीचं वेष्टण सोललेलं, आतलं तांबं हिरवं होऊन भुगा झालेलं.

तुम्ही विचाराल, पहार लागली सप्टेंबरात आणि फवारे बंद पडले फेब्रुवारीत, हे कसं? पहारेने वायर तुटली नव्हती, फक्त वेष्टण फाटलं होतं. ओल्या मातीत उघडं तांबं महिन्या-महिन्याने गंजत गेलं आणि एक दिवस सुटलं. आणि आपण काय केलं? बंद पडण्याच्या आधी शेवटची कुदळ कोणाच्या हातात होती ते बघितलं. बँकेत पहिल्या वर्षाचा कारकूनसुद्धा हे शिकतो, की फरक एकतीस तारखेला सापडला म्हणजे चूक एकतीस तारखेला झाली असं नाही. ती चार तारखेच्या पानावर असू शकते, आणि ते पान तुम्ही स्वतः लिहिलेलं असू शकतं. मला हे माहीत होतं. रुपयांच्या बाबतीत मी ते पाळलं, माणसाच्या बाबतीत नाही.

दुरुस्तीचा हिशोब वाचून दाखवतो. वायर, जेल भरलेले पाणीरोधक कनेक्टर आणि दोन नवीन नोझल मिळून एक हजार एकशे चाळीस रुपये. कनेक्टरबद्दल एक सूचना : जमिनीखालच्या जोडाला साधी चिकटपट्टी गुंडाळू नका, ती एक पावसाळाही टिकत नाही. मजुरी शून्य, चिरंजीवांना दोन वेळा मिसळ.

एक नोंद मात्र राहिली होती. मामा आता नदीपलीकडच्या एका सोसायटीत काम करतात. मी दोन हजार रुपये पाकिटात घालून गेलो. काय बोलायचं ते रिक्षात चारदा घोकलं होतं. मी म्हटलं, "मामा, वायर तुम्ही तोडली नव्हती. माझ्या खांबाने तुटली." त्यांनी पाकीट घेतलं, नोटा मोजल्या, खिशात ठेवल्या. मग विचारलं, "दोन नंबरच्या डबड्याचं झाकण नीट बसलं का? उंदीर शिरत्यात तिथनं." मी म्हटलं, परत या. ते म्हणाले, "आता इथं बरं हाय साहेब. पण येक करा. तुमच्या वॉचमननं हितल्या वॉचमनला सांगितलंय, मी काम बिघडवून गेलो म्हणून. ते तेवढं पुसा."

ते पुसायला मी आज उभा आहे. कमिटीच्या पुढच्या बैठकीत ठराव करून घेतला, तो इतिवृत्तात आहे आणि त्याची प्रत मामांच्या नव्या सोसायटीला दिली आहे. पण इतिवृत्त कोण वाचतं? स्मरणिका घरोघरी राहते. म्हणून संपादकांना विनंती केली की हे भाषण छापताना दुसरं काहीही गाळा, हा परिच्छेद गाळू नका. मामांचा दोष नव्हता. चूक माझी होती.

आता पुढे काय करायचं ते थोडक्यात.

पंपाच्या खोलीत नळ्या, डबे आणि वायरींचा नकाशा काचेत लावला आहे. मांडव, झेंड्याचा खांब, झाड, काहीही रोवण्यापूर्वी तो बघायचा. खांबांच्या जागा चुन्याने आखूनच मांडववाल्याला द्यायच्या. शेजारी एक नोंदवही टांगली आहे. कंट्रोलरला हात लावणाऱ्याने तारीख आणि कारण लिहायचं.

गाळणी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवायची. फवारा उठत नसेल तर आधी त्याच्या गळ्याभोवतीचं गवत कापा, मग नोझल काढून आतली छोटी जाळी साफ करा. चार नंबरच्या दोन फवाऱ्यांत नुसती वाळू निघाली. बोअरच्या पाण्याचे पांढरे थर व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवले की सुटतात. एखाद्या भागात दाब कमी आणि जमीन एकाच जागी चिखल असेल, तर नळी तिथे फुटली आहे. वेळ संपूनही पाणी झिरपत राहिलं तर पडद्याखाली खडा अडकलाय. झाकण उघडून धुतलं की काम होतं. मात्र एक लक्षात ठेवा, चोवीस व्होल्टच्या वायरीला तुम्ही-आम्ही हात लावू शकतो, पंपाच्या स्टार्टरला नाही. तिथे इलेक्ट्रिशियनच हवा.

पाणी किती द्यायचं? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्या चारशे चौरस मीटरवर पाच मिलिमीटर द्यायचं तर दोन हजार लिटर लागतात. म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये पाच वेळा. बालमित्रांनो, इथे तुमचं काम आहे. एकसारखे रिकामे डबे हिरवळीवर अंतराअंतराने ठेवायचे, दहा मिनिटं फवारे चालवायचे आणि प्रत्येक डब्यातलं पाणी पट्टीने मोजायचं. कुठे जास्त पडतं, कुठे कमी, ते लगेच कळतं. आपण मोजलं तेव्हा ए विंगसमोर सी विंगच्या दुप्पट पाणी पडत होतं. मिनिटं बदलली, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच सी विंगची एक तक्रार कायमची मिटली.

पाणी पहाटे द्या. दुपारचं बरंचसं उन्हात उडून जातं. जूनमध्ये पाऊस लागला की चकती बंद करा. आणि ऑक्टोबरात ती परत फिरवायची आठवण कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवा. या वर्षी ते नाव माझं आहे.

चहा खाली हिरवळीवर ठेवला आहे. चपला काढून या, गवत छान झालंय.